बिराजदार साहेबांची काठोकाठ टाकी

“तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या,” बिराजदार साहेब म्हणाले. “‘सदर वाहनातील बिघाड भेसळयुक्त पेट्रोलमुळे झाला आहे.’ खाली सही आणि गॅरेजचा शिक्का. पुढचे मी पाहून घेतो.”

ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते. इंजिन चालू होते. स्पीडोमीटरच्या शेजारी इंजिनाच्या आकाराचे एक पिवळे चित्र पेटलेले होते. मी स्कॅनर हातात धरून खिडकीपाशी उभा होतो आणि गाडीला अजून हातही लावला नव्हता. समोरच्याला स्पष्ट नकार देणे मला कधीच नीट जमलेले नाही. म्हणून मी “पाहतो” एवढेच म्हणालो. साहेबांनी त्याचा अर्थ ‘देतो’ असा घेतला.

माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. वीस वर्षे मी ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवले. सेहेचाळिसाव्या वर्षी ते सोडून वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक तपासणीचा कोर्स केला आणि सोलापुरातल्या अक्कलकोट रस्त्यावरच्या मकबूलभाईंच्या गॅरेजमध्ये रुजू झालो. मकबूलभाई माझ्याहून बारा वर्षांनी लहान. ते इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखतात, मी स्कॅनरवरून. ते मला ‘सर’ म्हणतात. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मी अद्याप मोजू शकलेलो नाही.

बिराजदार साहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षे त्यांनी दुकानदारांच्या तागड्या, दूधवाल्यांची मापे आणि पंपांची मशिने तपासली. दर गुरुवारी ते पत्नीसह अक्कलकोटला दर्शनाला जातात आणि निघण्यापूर्वी पंपावर टाकी फुल करतात. गेले महिनाभर त्याच दिवशी, परतीच्या वाटेवर, हा पिवळा दिवा लागत होता. आमच्या गॅरेजने दोनदा कोड पुसून दिला. पुढच्या गुरुवारी दिवा पुन्हा हजर.

या दिव्याला चेक इंजिन लाइट म्हणतात. लोकांना वाटते, दिवा लागला म्हणजे इंजिन गेले. तसे नसते. गाडीत एक छोटा संगणक असतो, त्याला ईसीयू म्हणतात. निरनिराळे सेन्सर त्याला सतत माहिती पुरवतात. एखादी गोष्ट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की तो एक क्रमांक नोंदवून ठेवतो, तोच कोड. बहुतेक दोषांमध्ये तो लगेच ओरडत नाही. दुसऱ्या फेरीतही तेच दिसले, तरच दिवा लावतो. एवढा संयम मी वर्गातही दाखवू शकलो नव्हतो.

स्कॅनर लावला. कोड आला पी-शून्य-एक-सात-दोन. त्याचा अर्थ, इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात आहे. मिश्रण गडद झाले आहे.

“भेसळ!” साहेब म्हणाले.

“साहेब, याचा अर्थ पेट्रोल जास्त होते आहे…”

“भेसळीचे जास्त लागते. साधा हिशोब आहे.”

मी आधी टाकीचे झाकण पाहिले. ते घट्ट होते. मग टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरले. पाणी असते तर ते खाली बसून थराची रेघ दिसली असती. रेघ नव्हती. फिल्टर पेपरवर एक थेंब टाकला. तो उडून गेला, डाग उरला नाही. यावरून भेसळ अजिबात नाही असे शपथेवर सांगता येत नाही, परंतु आहे असे म्हणायला आधार मुळीच नव्हता.

“फिल्टर पेपर कुणाचा?” साहेबांनी विचारले.

“आमचाच, साहेब.”

“आणला कुठून?”

मी मकबूलभाईंकडे पाहिले. पेपर त्याच पंपावरून मागून आणलेला होता. मकबूलभाईंनी पाना उचलला आणि ते दुसऱ्या गाडीखाली गेले.

खरी अडचण पुढे होती. इंजिन गरम करून मी स्कॅनरवर लाइव्ह डेटा पाहिला. मिश्रण गडद झाले की ईसीयू आपणहून पेट्रोल कमी करतो, आणि किती टक्के कमी केले ते पडद्यावर दिसते. तो आकडा वीसच्या पुढे असेल अशी माझी अपेक्षा होती. होता फक्त पाच. म्हणजे बुधवारी दुपारी गाडी जवळपास ठणठणीत होती. दवाखान्याच्या पायरीवर पोटदुखी थांबावी तसे झाले. मी कोड पुसला आणि साहेबांना सांगितले, “उद्या कळवतो.”

“उद्या सकाळी सातला पंपावर जायचे आहे. दुपारपर्यंत कागद तयार ठेवा. तक्रार मी लिहून ठेवली आहे, तुमचा दाखला तेवढा जोडायचा आहे.”

ते गेल्यावर अर्ध्या तासाने पंपाच्या गणवेशातली एक बाई स्कूटी लावून आत आली. तिचे नाव महादेवी. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावची, सहा वर्षे त्या पंपावर नोझल धरणारी.

“सर कोन हितं? स्कॅनरवालं?”

मकबूलभाईंनी माझ्याकडे बोट केले.

“सर वो, बिराजदार साहेब पंपावर सांगून ग्येलंत. तुमी कागद लिवून दिलासा की माजं काम ग्येलं बगा.”

मी तिला बसायला स्टूल दिले. ती बसली नाही.

“मॅनेजर म्हनतोय, खात्यातला मानूस हाय, त्येच्या तोंडाला कोन लागनार? तक्रार आली की कुनाला तरी काडून दाकवावं लागतंय. त्येंच्या गाडीत दर गुरुवारी मीच भरते. मग मीच की! दोन पोरी शाळंत हायत्या माज्या.”

“पेट्रोलमध्ये मला काही आढळलेले नाही,” मी म्हणालो.

“आडळनार कसं? काय असंल तर आडळंल की! सर, तुमी उद्या सातला या. डोळ्यानं बगा. मला काय बोलू नको म्हनलाय मॅनेजर. गिऱ्हाइकाला उलट बोलायचं न्हाय म्हनं.”

‘काय पाहायचे आहे?’ असा एक साधा प्रश्न मी त्या क्षणी विचारायला हवा होता. पण ती रडकुंडीला आली होती आणि रडवेल्या माणसाला प्रश्न विचारणे मला जमत नाही. मी “बरं” म्हणालो. ती स्कूटी वळवून गेली.

मकबूलभाई गाडीखालून बाहेर आले. “सर, बाई बतानेकूच आयी थी. तुमे पूछेच नै.”

“उद्या जाणारच आहे ना.”

“कॉलेज में बी ऐसाच चुप बैठते थे क्या? पोट्टे सो जाते हुंगे.”

गुरुवारी सातला मी पंपावर पोहोचलो. पाच मिनिटांत बिराजदार साहेबांची पांढरी गाडी आली. ती इतर गाड्यांसारखी मशिनपाशी सरळ उभी राहिली नाही. साहेबांनी काच खाली करून मागे पाहत, पुढे-मागे घेत, गाडीची एका बाजूची दोन्ही चाके मशिनच्या सिमेंटच्या कट्ट्यावर चढवली. गाडी तिरकी झाली. टाकीचे तोंड वर आले.

मागच्या दारातून साहेबांच्या पत्नी, काकू, उतरल्या. हातातली नारळ-फुलांची पिशवी त्यांनी टपावर ठेवली, पदर खोचला आणि दोन्ही हात गाडीच्या कडेवर टेकवले. त्यांच्या हालचालींत सवयीची सफाई होती.

महादेवीने मशिनवर शून्य दाखवले. साहेबांनी वाकून ते शून्य दोनदा पाहिले. नोझल टाकीत गेले. थोड्या वेळाने ‘टक्’ असा आवाज आला.

“कट झालं, साहेब.”

“अजून.”

टाकी भरली की नोझल आपोआप बंद होते, त्याला ऑटो-कट म्हणतात. पेट्रोल नोझलच्या टोकाला टेकले की आतली झडप मिटते. तिथे थांबायचे असते.

“टक्.”

“अजून. अगं, हलव.”

काकू गाडी हलवू लागल्या. झुलता पाळणा हलवावा तशी ती तिरकी गाडी डुलू लागली. टपावरची पिशवी घसरली. ती मी धरली.

“बुडबुडे बाहेर येऊ देत,” साहेब मला म्हणाले. “हवा अडकलेली असते. पंपवाले तिचाच फायदा घेतात. चौतीस वर्षे पाहतोय मी.”

“टक्.”

“साहेब, कट झालं की वो!”

“कट होणे ही तुमच्या मशिनची इच्छा. टाकी भरणे ही माझी.”

मी मोजत होतो. अकरा वेळा ‘टक्’ झाले. शेवटी साहेबांनी खिशातून छोटी बॅटरी काढली, टाकीच्या नळीत उजेड टाकला, आणि झाकणाच्या दोन बोटे खाली पेट्रोल चमकताना पाहून समाधानाने मान हलवली. महादेवीने माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मला समजले. मॅनेजर काचेच्या केबिनमधून हसतमुखाने हात जोडत होता.

दिव्याचे कारण मला तिथेच कळले होते. ‘साहेब, दोष तुमच्या भरण्यात आहे’ हे वाक्य जिभेवर तयार होते. परंतु ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची मापे तपासली, त्याला भर पंपावर, त्याच्या पत्नीसमोर, मापावरून चूक ठरवायचे? मी म्हणालो, “साहेब, स्कॅनर लावून मी सोबत आलो तर चालेल का?”

“अवश्य. पुरावा चालत्या गाडीत हवा.”

अशा रीतीने मी मांडीवर स्कॅनर घेऊन अक्कलकोटला निघालो. शहराबाहेर पडेपर्यंत आकडा बारावर गेला. वाटेतले वळसंग मागे पडले तेव्हा तो चोवीस होता. ईसीयू जिवाच्या आकांताने पेट्रोल कमी करत होता आणि तरीही मिश्रण गडदच राहत होते. कुठून तरी त्याच्या हिशोबाबाहेरचे पेट्रोल इंजिनात शिरत होते.

ते कुठून, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल. टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होते. ती हवेत सोडायची नाही असा नियम आहे. म्हणून गाडीत कोळशाच्या दाण्यांनी भरलेला एक काळा डबा बसवलेला असतो. त्याला कॅनिस्टर म्हणतात. टाकीतली वाफ त्या कोळशात मुरते. गाडी धावू लागली की पर्ज व्हॉल्व्ह नावाची झडप उघडते आणि ती वाफ इंजिनात ओढली जाऊन जळते. डबा वाफेसाठी असतो. टाकी गळ्यापर्यंत भरली, वर गाडी तिरकी करून हलवली, तर वाफेच्या वाटेने पेट्रोलच डब्यात उतरते. मग इंजिनाला हवेबरोबर पेट्रोलाने थबथबलेला कोळसा चोखावा लागतो. आठवडाभरात डबा बराचसा सुकतो. बुधवारी गाडी ठणठणीत दिसली, ती त्यामुळे.

साहेब आणि काकू दर्शनाला गेले. मी पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडले, पर्ज व्हॉल्व्हची बारीक नळी इंजिनापासून सुटी केली आणि उघडे तोंड बोटाने दाबून धरले. एका मिनिटात चोवीसचा आकडा दोनवर आला. नळी परत जोडली. आकडा पुन्हा चढला. मग मकबूलभाईंना फोन केला आणि त्याच मॉडेलचा नवा कॅनिस्टर आणून ठेवायला सांगितले.

“मतलब साब का च फॉल्ट?” ते म्हणाले. “तुमे बोलेंगे साब को?”

“योग्य वेळी.”

“हौ. मैं उनका पोता आयेगा तबतक रुकता.”

परतीच्या वाटेवर ठरल्याप्रमाणे दिवा लागला.

“पाहा!” साहेब स्टिअरिंगवर हात मारून म्हणाले. “डोळ्यांदेखत! आता दाखला देण्यात काय अडचण?”

“गॅरेजमध्ये एक वस्तू दाखवायची आहे,” मी म्हणालो.

“सर, तुम्ही प्रसाद घेतलाच न्हाई की,” काकू मागून म्हणाल्या. त्या वेळी प्रसादाने माझी मोठी सोय केली. तोंडात काही असले की बोलावे लागत नाही.

गॅरेजमध्ये महादेवी आधीच येऊन उभी होती. दुपारची सुट्टी तिने त्यासाठी घेतली होती. साहेबांनी तिच्याकडे न पाहता खिशातून तक्रारीचा कागद काढला आणि माझ्या टेबलावर सरळ करून ठेवला. तिच्या नावाखाली त्यांनी शाईने अधोरेखा ओढलेली होती. ती अधोरेखा पाहिली आणि मला पहिल्यांदा स्वतःच्या मौनाची लाज वाटली. आता गप्प राहण्याची किंमत मला नव्हे, तिला मोजावी लागणार होती.

“साहेब,” मी म्हणालो, “दाखल्याआधी वजन करू या. तुम्ही स्वतः करा.”

‘वजन’ या शब्दाने त्यांचा चेहरा बदलला. “कशाचे?”

मकबूलभाईंनी गाडी लिफ्टवर घेऊन जुना कॅनिस्टर काढला. काढताना त्यातून पेट्रोलची बारीक धार लागली. शेजारच्या गुरप्पांच्या किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा मागवला. काट्याबरोबर गुरप्पाही आले, कारण डब्याचा वास साखरेला लागेल अशी त्यांना धास्ती होती आणि काटा दुकानाबाहेर एकटा पाठवायची त्यांची पद्धत नव्हती.

साहेबांनी प्रथम काटा उलटा केला. चष्मा कपाळावर सरकवून खालचा शिक्का वाचला.

“या काट्याची फेरपडताळणी झालेली नाही.”

गुरप्पा दचकले. “साहेब, तुमी तर रिटायर झालासा की!”

“मी झालो. कायदा झालेला नाही.”

“करतो साहेब, सोमवारी करतो.”

वजन आता होणारच नाही असे मला वाटू लागले. परंतु साहेबांनी गुरप्पांना एक किलो मिठाची बंद पुडी आणायला सांगितली. ती काट्यावर ठेवली. एक किलो चार ग्रॅम.

“चार ग्रॅम पिशवीचे,” गुरप्पा घाईने म्हणाले.

“तात्पुरते ग्राह्य,” साहेब म्हणाले आणि त्यांनी स्वतःच कागदाच्या पाठीवर लिहायला घेतले. तो तक्रारीचाच कागद होता, हे त्यांच्या लक्षात आले नाही. “नवीन डबा?”

“एक किलो शंभर,” मी वाचले.

“वाहनातून काढलेला डबा?”

“एक किलो आठशे ऐंशी.”

“फरक सातशे ऐंशी ग्रॅम.” त्यांनी तो आकडा चौकटीत लिहिला. “हे काय आहे?”

“पेट्रोल, साहेब. डब्यात फक्त वाफ असायला हवी. हे पेट्रोल इंजिनात ओढले जाते, म्हणून दिवा लागतो.”

“ते डब्यात आले कुठून?”

“टाकीतून.”

“टाकीतून डब्यात जाईलच कसे?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी तोंड उघडले. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला.

“मी हलवून हलवून घातलंय की ते! दर गुरुवारी कंबर धरतीय माझी. ही बाई बिचारी कट झालं, कट झालं म्हणून ओरडतीय, आणि तुम्ही आपलं अजून, अजून!”

मकबूलभाई अतिशय लक्षपूर्वक एक नट पुसत होते.

साहेबांनी चष्मा काढला. “टाकीत जागा रिकामी राहते,” ते हळू म्हणाले. “मी बॅटरीने पाहिली आहे. माप काठापर्यंत भरलेले नसेल, तर ते माप नव्हे.”

या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. वीस वर्षे तेच शिकवले होते.

“ती जागा कुणी चोरलेली नाही, साहेब,” मी म्हणालो. “ती मुद्दाम सोडलेली आहे. सोलापूरच्या उन्हात पेट्रोल प्रसरण पावते आणि त्याची वाफही होते. दोन्हींना जागा लागते. आणि तुम्ही किती घेतले, ते मशिन मोजते. टाकी मोजत नाही. टाकी हे माप नव्हेच.”

साहेबांनी चौकटीतला आकडा पुन्हा वाचला. मग त्यांनी कागद उलटा केला आणि त्यांना आपलीच तक्रार दिसली. ती फाडून टाकतील असे मला वाटले. त्यांनी फाडली नाही. खात्यात कागद फाडत नाहीत. त्यांनी मजकुरावर दोन तिरप्या रेघा मारल्या, ‘रद्द’ लिहिले, सही केली आणि माझ्याकडे कोरा कागद मागितला.

पंधरा मिनिटे ते लिहीत होते. पंपाच्या मॅनेजरला उद्देशून लिहिलेले ते पत्र त्यांनी महादेवीच्या हाती देण्यापूर्वी मला वाचायला दिले. त्यातले एक वाक्य मला अजून पाठ आहे: ‘संबंधित महिला कर्मचाऱ्याने ऑटो-कट झाल्याची सूचना वेळोवेळी दिली असता, वाहनधारकाने ती अधिकाराचा गैरसमज करून घेऊन फेटाळली, सबब सर्व दोष वाहनधारकाचा असून कर्मचाऱ्याच्या सेवेत कोणतीही बाधा येऊ नये.’ खाली वाहनधारक म्हणून त्यांचीच सही होती.

महादेवीने पत्र वाचून घडी घातली. “साहेब, पुडच्या गुरुवारी या. झाडू मारून जागा करून ठेवते. पर चाकं खाली ठिवा.”

“ठेवतील,” काकू म्हणाल्या. “मी उतरणारच न्हाई आता.”

नवा कॅनिस्टर बसवला, कोड पुसला. पुढचे तीन गुरुवार दिवा लागला नाही. महादेवी त्याच पंपावर आहे. पहिल्या ‘टक्’ला ती नोझल काढते आणि त्या वेळी बिराजदार साहेब रस्त्याकडे पाहत उभे असतात, असे तिने सांगितले. गुरप्पांनी सोमवारी काट्याची पडताळणी करून घेतली. आमच्या स्कॅनरमुळे झालेली ती एकमेव कायदेशीर कारवाई.

मी यातून जे शिकलो, ते कोर्समध्ये नव्हते. दिवा पेट्रोल भरल्यावर लागतो, असे ग्राहक सांगतो तेव्हा स्कॅनर लावण्यापूर्वी त्याला विचारावे, ‘तुम्ही पेट्रोल भरता कसे?’ मी बुधवारीच विचारले असते, तर एका बाईची एक रात्र काळजीत गेली नसती. आता मी हा प्रश्न प्रत्येकाला विचारतो. सगळे जण ‘ऑटो-कटपर्यंतच’ असे उत्तर देतात. म्हणून नंतर कॅनिस्टरही उचलून पाहतो.